कोठडीतील मृत्यूची वैद्यकीय कारणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात माणूस दगावला की घरच्यांना आधी फोन येतो, मग शवागाराबाहेर ताटकळावं लागतं, आणि शवविच्छेदनाचा अहवाल हाती पडतो तो बऱ्याच दिवसांनी. त्या अहवालातल्या चार ओळींचा अर्थ लावताना जे प्रश्न नातेवाईक, नवे वकील आणि तालुक्याचे वार्ताहर पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांची आहेत. त्याआधीच्या प्रकरणांत कलमांचे जुने क्रमांक दिसतील.

कोठडीतला मृत्यू नेमका कशाला म्हणायचं? आमचा माणूस तर सरकारी दवाखान्यात गेला.

दवाखान्यात गेला तरी तो कोठडीतलाच मृत्यू. अटक झाल्यापासून सुटका होईपर्यंत माणूस जिथे कुठे असेल तिथे तो कोठडीतच असतो: लॉकअप, पोलीस व्हॅन, कोर्टाचं आवार, कारागृहाची बराक, किंवा बाहेर शिपाई बसवलेला वॉर्ड. पीसीआर (पोलीस कोठडी) असो वा एमसीआर (न्यायालयीन कोठडी), जबाबदारी ताब्यात ठेवणाऱ्याची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५६ सांगतं की अटकेतल्या माणसाच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणं हे त्याला ताब्यात ठेवणाऱ्याचं कर्तव्य आहे. ‘उपचारादरम्यान मृत्यू’ एवढीच बातमी आली, तर ती व्यक्ती दवाखान्यात कुठून आणि कोणत्या अवस्थेत आणली गेली हा पहिला प्रश्न.

कैदी सर्वांत जास्त कशाने मरतात?

नोंदींवर विश्वास ठेवायचा तर आजाराने. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरातल्या तुरुंगांत १,९९५ बंदी मरण पावले. त्यांपैकी १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ रकान्यात आहेत आणि १५९ ‘अनैसर्गिक’ रकान्यात. त्या १५९ मध्ये ११९ आत्महत्या. त्याच वर्षी तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसं होती आणि दर चार बंद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता असे.

हे आकडे तुरुंगांचे आहेत. पोलीस लॉकअपचं चित्र वेगळं असतं. तुरुंगात हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, क्षयरोग, यकृत आणि मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग ही कारणं महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने येतात. लॉकअपमध्ये सगळा खेळ पहिल्या दोन-तीन दिवसांचा: मारहाण, डोक्याची दुर्लक्षित इजा, गळफास, अचानक तुटलेली दारू, चुकलेली इन्सुलिन किंवा फिटची गोळी. या दोन ठिकाणांच्या मृत्यूंची एकत्र बेरीज करून काढलेला निष्कर्ष वाचताना सावध राहावं.

‘नैसर्गिक मृत्यू’ म्हणजे कुणाचाच दोष नाही, असं ना?

नाही. या रकान्याचा अर्थ एवढाच की मरण आजाराने किंवा वयाने आलं अशी नोंद आहे. आजार वेळेत ओळखला का, बाहेरच्या रुग्णालयात कधी पाठवलं, न्यायला पोलीस गार्ड मिळाला का, यातलं काहीही तो रकाना विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये देशातल्या १,३८२ तुरुंगांच्या अमानवी अवस्थेवरच्या निकालात नेमकं इथेच बोट ठेवलं: वेळेवर आणि पुरेसे उपचार न मिळाल्याने कैदी मेला तर तो मृत्यू नैसर्गिक म्हणायचा की अनैसर्गिक, हे सरकारी वर्गीकरणातून स्पष्टच होत नाही.

गडचिरोलीचे पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगत असताना स्वाइन फ्लूने गेले. वय तेहतीस. प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासह, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाच्या त्या खटल्यातल्या सगळ्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी निर्दोष ठरवलं, तेव्हा नरोटे हयात नव्हते. तळोजा कारागृहातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी कंपवाताचे रुग्ण. त्यांना पेला धरता येत नव्हता, म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. पुढे कोविडची लागण झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले. दोन्ही आजार खरे होते. पण आजार नैसर्गिक असला म्हणून त्या आजाराने झालेलं मरण टाळता येण्याजोगं नव्हतं, असं म्हणता येत नाही. या पानावरचं बाकी सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे.

अहवालात ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलंय. म्हणजे हार्ट अॅटॅकच ना?

अजिबात नाही, आणि हा गोंधळ सगळ्यात महागात पडतो. कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट म्हणजे हृदय आणि श्वास थांबले. ते प्रत्येक मेलेल्या माणसाचे थांबतात. साप चावलेल्याचे, बुडालेल्याचे, डोक्यात दांडका बसलेल्याचे आणि नव्वदाव्या वर्षी झोपेत गेलेल्याचेही. ही मरणाची शेवटची पायरी आहे, कारण नव्हे. मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र लिहिताना नुसतं ‘हृदय बंद पडलं’ एवढं लिहू नये, असं डॉक्टरांना शिकवलेलं असतं. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा ओळी असतात त्या त्यासाठीच: ‘अ’ कशामुळे झालं ते ‘ब’मध्ये, ‘ब’ कशामुळे ते ‘क’मध्ये. खरं कारण सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीत असतं. ‘अ’ भरलेली आणि खालच्या ओळी रिकाम्या, असा कागद हातात आला तर कारण लिहिलेलंच नाही असं समजून पुढचं विचारावं.

शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज सापडलं. मग तर झालंच ना सिद्ध?

अर्धंच. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत जुनं ब्लॉकेज सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. अपघातात गेलेल्या माणसांतही ते सापडतं. ताजी गुठळी दिसली तर गोष्ट बळकट होते. पण हृदयाचा स्नायू मेल्याच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसायला काही तास जावे लागतात. झटका येऊन अर्ध्या तासात माणूस गेला तर स्नायू वरवर साधाच दिसेल. म्हणून हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवले का, हे पाहावं. आणि ब्लॉकेजसोबत पाठीच्या स्नायूंत रक्त साकळलेलं असेल, तर डॉक्टरने दोन्हींचा हिशेब लावला पाहिजे, फक्त एकाचा नाही.

तो आधीपासूनच हृदयरोगी होता. ‘दोन थपडा मारल्या, त्याने कुणी मरतं का?’ असं साहेब म्हणतात.

कायद्याला हा युक्तिवाद ठाऊक आहे आणि कायद्याने त्याची दखल आधीच घेतली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० चं पहिलं स्पष्टीकरण (जुन्या दंड संहितेत कलम २९९ चं) म्हणतं की आजारी किंवा दुर्बल माणसाला इजा करून त्याचं मरण लवकर ओढवलं, तर ते मरण इजा करणाऱ्यानेच घडवलं असं मानायचं. मारणाऱ्याचा हेतू आणि त्याला आजाराची कल्पना होती का, यावर गुन्ह्याचं स्वरूप ठरेल. पण ‘तो तसाही मरणारच होता’ ही पळवाट नाही.

हाड मोडलं नाही, मोठी जखम नाही, डोक्याला काही नाही. तरी मारहाणीने माणूस मरतो?

मरतो, आणि कोठडीच्या बाबतीत हे सगळ्यांत कमी समजलेलं कारण आहे, म्हणून जरा सविस्तर.

लाठी, पट्टा किंवा रबरी पाइपने मांड्या, ढुंगण, पोटऱ्या, पाठ यांवर बराच वेळ मारलं तर कातडी फाटत नाही, पण आतला स्नायू चेचला जातो. चेचलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन नावाचं प्रथिन आणि भरपूर पोटॅशियम रक्तात उतरतं. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतं आणि लघवी कमी होत जाते. जी होते ती कोऱ्या चहाच्या रंगाची. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हृदय अचानक थांबतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं दोन-चार दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने १९४१ मध्ये त्याचं वर्णन केलं. स्नायू विटांखाली चेचला गेला काय किंवा लाठीखाली, मूत्रपिंडाला फरक पडत नाही.

यात दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे वेळ. मार सोमवारी बसतो, माणूस मंगळवारी कोर्टात उभा राहतो, ‘काही तक्रार आहे का’ या प्रश्नावर मान हलवतो, आणि बुधवारी-गुरुवारी कारागृहात कोसळतो. मग ‘मारहाणीने मेला असता तर तेव्हाच मेला असता’ असं सांगितलं जातं. दुसरी म्हणजे कातडी. सावळ्या-काळ्या त्वचेवर वळ नीट उमटत नाहीत, आणि खोलवरचं रक्त वर यायला एक-दोन दिवसही लागतात. शवविच्छेदन करणाऱ्याने पाठ, ढुंगण, मांड्या, पोटऱ्या आणि तळपाय यांवर लांब खोल छेद घेऊन स्नायू उघडून पाहिले, तरच आतला काळपट रक्ताचा थर दिसतो. तळपायावर मारण्याचा प्रकार तर तळवा उघडल्याशिवाय कळतच नाही. वर कातडी धड आणि खाली इंचभर रक्त मुरलेलं, असं चित्र दिसू शकतं. त्याच्या जोडीला मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नळ्यांत अडकलेलं रंगद्रव्य दिसतं.

त्यामुळे अहवाल हाती आला की कारणाची ओळ वाचण्याआधी बाह्य जखमांचा रकाना आणि स्नायूंचं वर्णन वाचा. लाठीचा वळ बहुधा दोन समांतर लाल रेषा आणि मध्ये फिकट पट्टा असा असतो. पडल्याने तसा वळ येत नाही. जखमांचे रंगही पाहा: लाल-निळी ताजी, तपकिरी-हिरवट काही दिवसांची, पिवळी त्याहून जुनी. रंगावरून नेमका तास सांगता येत नाही, पण ‘अटकेआधीची जखम’ हा दावा तपासायला रंग पुरेसे बोलतात.

परभणीच्या प्रकरणात कारणावरूनच एवढा वाद का झाला?

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर आंदोलन पेटलं, धरपकड झाली. त्यात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेले. छातीत दुखू लागलं, हृदयविकाराचा झटका आला, असं आधी सांगण्यात आलं. श्वसनाच्या जुन्या आजाराचाही उल्लेख झाला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं, आणि त्यात मृत्यूचं कारण अनेक जखमांमुळे आलेला शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) असं नोंदलं गेलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल व्हायला त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तो कायम ठेवला. गुन्हा दाखल होणं म्हणजे कुणी दोषी ठरणं नव्हे. पण पहिल्या दिवशी सांगितलेलं कारण आणि टेबलावर सापडलेलं कारण यांत किती अंतर असू शकतं, हे महाराष्ट्राने इथे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

पाठ पूर्ण काळीनिळी झाली होती. आम्ही फोटो काढलेत. मारलंच ना?

सांगता येत नाही, आणि इथे घाई केली तर खरं प्रकरणही कमजोर होतं. हृदय थांबलं की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचतं. पाठीवर झोपवलेल्या मृतदेहाची पाठ काही तासांत जांभळी होते. जिथे शरीर फरशीला टेकलेलं असतं तेवढे भाग, म्हणजे खांदे आणि ढुंगण, पांढरे राहतात. याला मार म्हणत नाहीत. छेद घेतला तर माराच्या वळाखाली स्नायूत रक्त मुरलेलं सापडतं, या डागाखाली नाही. छाती दाबून जीव वाचवण्याच्या प्रयत्नात बरगड्याही मोडतात. नाकातला फेस, मुंग्यांनी कुरतडलेली कातडी यांनीही नातेवाईक हादरतात. फोटो जरूर काढा, जवळून आणि लांबून, शेजारी मोजपट्टी ठेवून. अर्थ मात्र न्यायवैद्यक डॉक्टरला लावू द्या.

दारू न मिळाल्याने कुणी मरतं का?

रोज पिणारा मरू शकतो. वर्षानुवर्षं रोज दारू लागणाऱ्याची दारू अटकेमुळे एका रात्रीत तुटते. सहा ते चोवीस तासांत हातापायांना कंप, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी गंभीर रुग्णाला भास होतात, तो ओरडतो, भिंतीवरचे नसलेले किडे झटकतो, ताप चढतो, नाडी धावते. हाच दिवस कोठडीत सगळ्यात धोक्याचा, कारण पहाऱ्यावरच्याला तो ‘नाटक करतोय’ किंवा ‘वेड लागलंय’ असं वाटतं, आणि उपचाराऐवजी त्याला बांधून ठेवतात. बेंझोडायझेपिन गटातली औषधं, सलाइन आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेत मिळालं तर बहुतेक वाचतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही हे सुरू करता येतं. म्हणून अटकेच्या वेळी घरच्यांनी लाज न धरता सांगावं: रोज पितो, इतकी पितो, शेवटची कधी प्यायला.

याचीच दुसरी बाजू: तोंडाला दारूचा वास येतो म्हणून ‘उतरेल सकाळी’ म्हणत कोपऱ्यात झोपू दिलेला माणूस. भांडणात डोकं आपटून कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर तो आधी नीट बोलतो, मग बरळतो, मग घोरतो आणि सकाळी उठत नाही. झिंगलेला आणि मेंदूत रक्तस्राव झालेला यांतला फरक लॉकअपच्या गजांबाहेरून ओळखता येत नाही. साखर कमी झालेला मधुमेहीही असाच बरळतो. थोड्या थोड्या वेळाने हलवून जागं करणं आणि उत्तर देतो का पाहणं, एवढं तरी कुणीही करू शकतं.

औषधं चुकल्याने मृत्यू? आम्ही डबा घेऊन गेलो होतो, आत घेतला नाही.

बाहेरचं औषध तसंच आत न घेण्याला सुरक्षेचं कारण असतं, पण मग ते औषध देण्याची जबाबदारीही आतल्यांचीच. इन्सुलिनवर जगणाऱ्याला एक-दोन दिवस ती मिळाली नाही तर रक्तात आम्ल साचून तो बेशुद्ध होतो. फिटची गोळी अचानक तुटली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. दमेकऱ्याचा पंप काढून घेतला तर पुढचं सांगायला नको.

विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती म्हणजे सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार इथल्या आदिवासी आणि काही दलित समाजांत हा आजार बराच आहे. पाणी कमी पडणं, गारठा, ताप, अति श्रम यांतल्या कशानेही रुग्णाला क्रायसिस, म्हणजे आजाराचा तीव्र झटका येतो. हाडं फुटल्यासारखी दुखतात, छातीत गुंतागुंत झाली तर जीव जातो. थंडीच्या रात्री उघड्या फरशीवर, पाण्याविना ठेवलेला सिकलसेलचा रुग्ण काही न मारताही मरू शकतो. मात्र उलट बाजूही आहे. ज्याच्यात आजाराचा फक्त एक जनुक आहे, जो आयुष्यभर धडधाकट असतो, त्याच्याही पेशी मेल्यानंतर कोयत्याच्या आकाराच्या होतात. शवविच्छेदनात तशा पेशी दिसल्या एवढ्यावरून ‘सिकलसेलने मेला’ असं लिहिलं असेल, तर ते कारण तपासून घ्या. सिकलसेलचं कार्ड घरात असेल तर त्याची प्रत वकिलाकडे द्या.

आणि क्षयरोग?

दाटीची बराक, कमी हवा, कुपोषण आणि रोज नवे येणारे बंदी: टीबीला आणखी काय हवं? नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी पूर्ण कोर्सने बरा होतो. घोळ होतो तो बदलीत. एका कारागृहातून दुसरीकडे किंवा जामिनावर घरी गेलेल्या माणसाची गोळी मध्येच तुटते. सुटकेच्या वेळी उपचाराचा कागद मागून घ्या.

गळफास घेतला म्हणतात, पण पाय जमिनीला टेकलेले होते. म्हणजे खूनच?

पाय टेकलेले असतानाही गळफासाने मृत्यू येतो. डोक्याच्या वजनाचा ताणही मानेच्या रक्तवाहिन्या दाबायला पुरतो. म्हणून एवढ्यावर खून ठरत नाही. पाहायचं ते मानेवरच्या खुणेकडे. फासाची खूण बहुधा तिरकी, हनुवटीच्या जवळ, वर चढत जाणारी आणि गाठीपाशी तुटलेली असते. गळा आवळला असेल तर खूण आडवी, खाली आणि मानेभोवती पूर्ण, शिवाय आतल्या स्नायूंत जास्त इजा. बाकी शरीरावर मारहाणीच्या खुणा आहेत का, हे वेगळं पाहावं. आत्महत्या खरी असली तरी प्रश्न उरतातच: पायजम्याची नाडी, टॉवेल, चादर त्याच्याजवळ कशी राहिली, शेवटचा फेरा कधी मारला, आधी तो कुणाला काही बोलला होता का, आणि मारहाणीनंतरची ती आत्महत्या होती का.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे काय?

जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग आणि रक्त विषतपासणीसाठी काढून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवले, आणि अंतिम मत तोवर राखून ठेवलं. विषासाठीचे नमुने मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि सूक्ष्मदर्शकासाठीचे फॉर्मेलिनमध्ये जातात. अदलाबदल झाली तर तपासणी वाया जाऊ शकते. अहवालाला महिने लागतात, आणि मधल्या काळात ‘कारण अजून कळलेलं नाही’ या वाक्याआड सगळं थांबतं. थांबू देऊ नका. जखमांची नोंद पहिल्याच अहवालात असते, तिला व्हिसेराची गरज नाही.

पोलिसांनी दाबून धरलं आणि तो गेला. ‘अति उत्तेजित झाला होता’ असं कारण देता येतं?

पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला की छाती फुलत नाही आणि धडपडणाऱ्याला प्राणवायू आणखी जास्त लागतो. अमेरिकेत अशा मृत्यूंना ‘एक्सायटेड डिलिरियम’ (अति उत्तेजनेतली भ्रमावस्था) असं नाव देण्याची चाल होती. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा ठेवला आणि ते गेले, त्यानंतर या निदानावर टीका वाढली, आणि २०२३ मध्ये तिथल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने ते मृत्यूचं कारण म्हणून नाकारलं. आपल्याकडच्या अहवालात असं काही दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे.

शवविच्छेदन कुणी, कुठे, कसं करायला हवं?

कोठडीतल्या मृत्यूत न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार व्हावी लागते. मृतदेह चोवीस तासांच्या आत जवळच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे किंवा पात्र डॉक्टरकडे पाठवायचा, शक्य नसेल तर कारण लेखी नोंदवायचं. आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भाऊ-बहीण यांना शक्य तिथे कळवून चौकशीच्या वेळी हजर राहू द्यायचं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ मध्येच सांगितलं की अशा मृत्यूची खबर चोवीस तासांत आयोगाला द्यावी. १९९५ मध्ये शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रीकरण आणि १९९७ मध्ये शवविच्छेदनाच्या अहवालाचा नमुना अर्ज आला. तो अर्ज सविस्तर आहे, त्यात शरीराच्या आकृत्या आहेत ज्यांवर प्रत्येक जखम दाखवायची असते. आकृत्या कोऱ्या आणि शेजारी लिहिलेल्या जखमा सतरा, असं आढळलं तर तो मुद्दा नोंदवून ठेवा.

घरच्यांनी लेखी मागणी करावी: न्यायवैद्यक विभाग असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टरांच्या पॅनेलकडून, दिवसाउजेडी. शक्यतो घटनेच्या ठाण्यापासून लांब.

दुसरं शवविच्छेदन मागता येतं का?

न्यायालयाकडून मिळू शकतं, पण पहिल्यात काढलेले अवयव आणि घेतलेले छेद यांमुळे दुसऱ्याची ताकद कमी असते. न उघडलेले भाग, म्हणजे पाठ, पाय, तळवे, दुसऱ्यात उपयोगी पडतात. अंत्यसंस्कार झाले की दार बंद. शंका असेल तर अर्ज निकाली निघेपर्यंत मृतदेह शीतगृहात राहावा अशी मागणी करा. दफनाची रीत असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह पुन्हा बाहेर काढता येतो. मृतदेह ताब्यात घ्यायला नकार देण्याचं आंदोलन आपल्याकडे नेहमीचं आहे. त्याने दबाव येतो हे खरं, पण शीतगृह नसलेल्या ठिकाणी उशीर झाला तर पुरावाच कुजतो.

कुठले कागद मागायचे?

अटकेनंतर लगेच झालेली वैद्यकीय तपासणी (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५३; तिची प्रत अटकेतल्या व्यक्तीला किंवा तिने सुचवलेल्या व्यक्तीला द्यायची असते). सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकपत्र, इजांची नोंद आणि दर अठ्ठेचाळीस तासांची तपासणी. पोलीस ठाण्याची दैनंदिनी, लॉकअप रजिस्टर, कारागृहात दाखल करतानाची आरोग्य नोंद, रुग्णालयाचे केसपेपर, रुग्णवाहिकेची वेळ. इन्क्वेस्ट (मृतदेहाच्या) पंचनाम्यावर कोऱ्या जागा ठेवून सही करू नका.

आणि सगळ्यांत आधी सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण आणि ते अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर पाठ झालेलं असतं, म्हणून चित्रीकरण जपून ठेवा असा अर्ज पोचपावतीसह पहिल्याच दिवशी द्या.

या कागदांतल्या वेळा एका पानावर ओळीने लिहून काढा. दवाखान्यात आणल्याची वेळ, मृतदेहाच्या ताठरपणावरून निघणारी वेळ आणि दैनंदिनीतली वेळ जुळत नसेल, तर ते शवविच्छेदनाइतकंच महत्त्वाचं.

माणूस अजून जिवंत आहे, पण आत तब्येत बिघडतेय. काय करायचं?

रिमांडच्या तारखेला वकिलामार्फत लेखी अर्ज: औषधांची यादी, जुने केसपेपर, आणि ठरावीक रुग्णालयात तपासणीचा आदेश. मारहाणीची तक्रार असेल तर ती न्यायाधीशांना तोंडी सांगून नोंदवून घ्यायला लावा. एक-दोन दिवसांनी दुसरी तपासणी मागा, कारण वळ उशिरा उमटतात. आजारी किंवा अशक्त व्यक्तीला जामीन देण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. वकील नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

भरपाई मिळते का?

मिळू शकते, आणि ती वैद्यकीय कारणाच्या रकान्यावर बरीच अवलंबून असते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये कारागृहातल्या मृत्यूंसाठी धोरण मंजूर केलं: कामावरचा अपघात, कर्मचाऱ्यांची मारहाण, कैद्यांची हाणामारी किंवा वैद्यकीय हलगर्जी यांत पाच लाख, आत्महत्येत एक लाख, वार्धक्य किंवा दीर्घ आजाराने मृत्यू झाल्यास काही नाही. म्हणजे ‘आजार’ की ‘हलगर्जी’ हे कोण ठरवतं, यावर पैसे फिरतात.

न्यायालयाचा मार्ग वेगळा आहे. ओडिशातल्या नीलाबती बेहरा यांच्या बावीस वर्षांच्या मुलाचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला होता. पळून जाताना गाडीखाली आला, असं पोलिसांचं म्हणणं. जखमा लाठीसारख्या बोथट हत्याराच्या असू शकतात अशी डॉक्टरची साक्ष सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली आणि १९९३ मध्ये दीड लाखांची भरपाई दिली. तेव्हापासून घटनात्मक न्यायालयं थेट भरपाई देऊ शकतात. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा. त्यानंतर आयोगाला त्या घटनेची चौकशी करता येत नाही. व्हिसेराच्या अहवालाची वाट पाहत ते वर्ष घालवू नका, तक्रार आधी द्या, अहवाल मागाहून जोडता येतो.